भिकननाना बायकांच्या रांगेत

भिकननानांना मी बाई करून टाकलं, ते फोनवर.

लॉकडाऊनचे दिवस होते. इस्पितळात सरळ उठून जायची सोय नव्हती. आधी फोन करून नाव नोंदवायचं आणि मग ते सांगतील त्या दिवशी पेशंटनं एकट्यानं फाटकाशी हजर व्हायचं. गल्लीत गुजराती बऱ्यापैकी बोलणारा माणूस म्हणून हे काम माझ्याकडे आलं. माझं गुजराती म्हणजे मराठीच्या शेपटीला 'छे' बांधलेलं. पण वीसेक वर्षं सुरतेत काढली की माणसाला स्वतःबद्दल काहीही वाटायला लागतं.

पलीकडून एका मुलीनं विचारलं, "शेनी तकलीफ छे?"

मी घाम पुसत म्हणालो, "छातीमां गांठ छे."

"बेन नुं नाम?"

आता इथे 'बेन नथी, भाई छे' एवढंच म्हणायचं होतं. पण नाना माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि त्यांच्यादेखत तो खुलासा करायचा म्हटल्यावर मी तो गिळून टाकला. मी नुसतं "भिकन" म्हणालो. तिनं ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "भीखनबेन. उंमर?" मी उंमर सांगितली आणि फोन ठेवला.

"व्हयनं का काम, सर?" नानांनी विचारलं.

"झालं की," मी म्हणालो.

भिकननाना आमच्या समोरच्या घरात राहायचे. लिंबायतमधली आमची गल्ली इतकी अरुंद की एका ओट्यावरून समोरच्या ओट्यावर आमटीची वाटी हात लांब करून देता येते. गल्ली सगळी खान्देशातून आलेली, शिरपूर, शहादा, अमळनेर, दोंडाईचा. आम्हीच तेवढे साताऱ्याकडचे. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक आहे, पण गल्लीत 'मास्तर' म्हटलं की ते नाना. लूम्सच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या, कारागिरांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात, आणि नाना उधन्याच्या एका खात्यात माझ्या नोकरीच्या आधीपासून मास्तर होते. त्यामुळे मला 'सर' या पदावर समाधान मानावं लागलं.

उभं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यामुळे नानांचे कान निम्मे गेले होते आणि आवाज दुप्पट झाला होता. घरात अहिराणी, शेठशी गुजराती, ओडिया कारागिरांशी हिंदी, पण पट्टी तिन्हीकडे एकच. कुजबुजणं हा प्रकार त्यांना जमायचाच नाही. एका बारशाला ते माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "सर, पोऱ्या काही बापवर गया नही!" बापासकट सगळं बारसं वळून आमच्याकडे पाहायला लागलं. नाना शांतपणे पेढा खात होते. आपण जे बोललो ते सरांपुरतंच होतं अशी त्यांची खात्री होती.

गल्लीत नवराबायकोचं भांडण लागलं की नाना आपल्या ओट्यावरूनच ओरडायचे, "पह्यले मशीन बंद करा, मंग शिव्या द्या!" खात्यात धागा तुटला की कारागीर आधी शिव्या घालत बसतो आणि तोवर यंत्र कापड खराब करत राहतं, हा त्यांचा अनुभव. भांडणारी मंडळी हसायची आणि मशीन आपोआप बंद व्हायचं. वाफवलेल्या बेसनाच्या सुरती लोचोवर ते घरून पुडीत नेलेलं काळं तिखट भुरभुरून खायचे. लोचोवाला हात जोडून म्हणायचा, "काका, मारी इज्जत राखो." नाना त्यालाही चिमूटभर द्यायचे.

आणि ते उघडे असायचे. शर्ट हा त्यांच्या लेखी खात्यात जाताना आणि लग्नात घालायचा पदार्थ. घरी आले की कमरेला लुंगी, खांद्यावर टॉवेल, आणि ओट्यावर ती रुंद, केसाळ, तेल लावलेली छाती. पोरांना ते म्हणायचे, "मार रे बुक्की." पोरं हात झटकत परत जायची. माझीही छाती छत्तीस इंच आहे, पण ती फुगवल्यावर, आणि फुगवलेली ती फार वेळ राहत नाही. नानांसमोर मी कधी बनियनवर बसलो नाही.

म्हणून त्या वर्षी, खाती बंद पडून सगळे घरी बसलेले असताना, नाना ऐन उन्हाळ्यात ओट्यावर शर्ट घालून बसायला लागले, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "बघ संध्या, कोरोनानं माणसं सुधारली."

"तुम्हाला काय दिसतं?" संध्या म्हणाली. "आतल्या बनियनवर डाग असतो त्यांच्या. तांबूस. मी दोनदा पाहिलाय दोरीवर."

तिनं नानांच्या बायकोला, सुमननानीला गाठलं. नानी म्हणजे नानांच्या अगदी उलट. इतकं हळू बोलायची की आपणच आपला श्वास धरून ऐकायचं. ती रडायलाच लागली. नानांच्या स्तनाग्राखाली एक टणक गाठ होती. दिवाळीच्या आधीपासूनची. स्तनाग्र आत ओढलं गेलं होतं. खात्यात लोखंडी बीम लागला होता, त्याचंच ते आहे, असं नाना म्हणत होते, आणि 'कोनले सांगानं नही' अशी त्यांनी नानीला शपथ घातली होती.

संध्या शिकवण्या घेते. ऐकून न घेणाऱ्या पोरांची तिला सवय आहे. आठवड्याच्या आत तिनं नानांना डॉक्टरकडे धाडलं, सुईची तपासणी करवली. रिपोर्ट घ्यायला मी बरोबर होतो. डॉक्टर मास्कमधून म्हणाले की स्तनाचा कॅन्सर आहे, लवकर ऑपरेशन करायला हवं.

मला प्रथम वाटलं, माझंच काहीतरी ऐकण्यात चुकलं. पुरुषाला? तिथला? मी शिकलेला माणूस, वर्तमानपत्राच्या पुरवण्या वाचणारा, आणि मला हे माहीत नव्हतं. नाना मात्र अजिबात गडबडले नाहीत. डॉक्टरांना समजावत म्हणाले, "रिपोर्ट बदली गया व्हई, साहेब. कोणी बाईना शे हाऊ. ती बिचारी वाट दखत व्हई." दवाखान्यात जितके लोक होते तितक्या सगळ्यांनी ऐकलं.

रिक्षात मात्र ते बोलले नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि सांगतो, गाठीपेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

मग तो फोन, आणि मग ते फाटक.

फाटकावर मास्क लावलेला एक वॉचमन होता. त्यानं माझ्या फोनवर आलेला इस्पितळाचा मेसेज वाचला, आम्हा दोघांकडे पाहिलं. "बेन क्यां छे?"

मी म्हणालो, "आ ज छे."

"काका, पेशंट एकला ज अंदर जशे. बेन ने मोकलो, तमे बहार बेसो." अगदी अदबीनं म्हणाला बिचारा. त्याची काही चूक नव्हती. मागे रांग होती. सगळ्या बायका, दोन दोन हातांवर आखलेल्या गोलांत उभ्या. त्या पाहायला लागल्या. मी पुन्हा काहीतरी गुजराती बोललो. त्यातून वॉचमनला असं समजलं की बेन रिक्षात बसली आहे आणि तिला चालता येत नाही. तो व्हीलचेअर आणायला धावला. मी वळून पाहिलं तर नाना नव्हते. रस्त्याच्या पार पलीकडे, भर उन्हात, लिंबायतच्या दिशेनं चालत निघाले होते. ताठ, टॉवेल खांद्यावर, मागे न बघता.

घरी संध्यानं माझी जी संभावना केली ती इथे देत नाही. मग ती नानांच्या ओट्यावर गेली. "नाना, परवा मी येते बरोबर."

"नही, ताई. बायासनी लाइन शे ती."

"मग मी बाईच आहे ना? मी पुढे, तुम्ही मागे."

तिसऱ्या दिवशी ती त्याच वॉचमनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पेशंट आ काका छे. पुरुष ने पण थाय." तिचं गुजराती माझ्याहून वाईट, पण वॉचमननं फाटक उघडलं. नाना मान खाली घालून आत गेले. आत बाकांवर बायकाच बायका. एकीनं पदर ओढून घेतला, दुसरी म्हणाली, "भाई, आ लेडीज माटे छे." सगळी सकाळ नाना पाण्याच्या कूलरपाशी उभे राहिले. शेवटी सर्जन डॉक्टरबेननी आत बोलावलं. नानांनी त्यांनाही रिपोर्ट बदलल्याचं सांगून पाहिलं. त्या हात धुता धुता म्हणाल्या, "काका, आ रोग मूछ नथी जोतो." रोग मिशी बघत नाही, हे वाक्य नानांनी मला पुढे इतक्या वेळा ऐकवलं की ते त्यांचंच वाटायला लागलं.

डॉक्टरबेननी आणखी एक गोष्ट सांगितली. इस्पितळातले बरेचसे वॉर्ड हळूहळू कोरोनासाठी जाणार होते. ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकलणं सुरू झालं होतं. त्यांनी नानांना जी तारीख दिली ती गेली, तर पुन्हा कधी मिळेल हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. गाठीला मात्र थांबायला कोणी सांगणार नव्हतं.

आता गल्लीला काय सांगायचं? हा नानांपुढचा खरा प्रश्न. कॅन्सर म्हटलं तर कुठला ते विचारणार. नाना आणि नानी या विषयावर बोलताना टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा करायचे, म्हणजे नानांचा आवाज बाहेर जाऊ नये. बाहेर ऐकू यायचं ते असं: शंख, घोड्यांच्या टापा, बाणांची सूं सूं, आणि मधूनच, "शेठले काय सांगू मी?" अखेर त्यांनी ठरवलं की 'छातीचं दुखणं' असं सांगायचं. खोटं नाही आणि खरंही नाही.

त्या दिवसांत, त्या शहरात, 'छातीचं दुखणं' सांगणं!

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला नानांच्या दारापासून लांब थांबायला लागला. आमच्या ओट्यावर येणारी मंडळी समोर बघत आणि खुर्ची मागे सरकवत. कोपऱ्यावरचे किराणावाले हिंमतभाऊ गल्लीचे पुढारी. ते नानीला म्हणाले, "वहिनी, सामानासाठी दोरीनं पिशवी खाली सोडत जा, आम्ही टाकू." नानांचं घर तळमजल्याला होतं, पण हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी एकदा हिंमतभाऊंना सांगायला तोंड उघडलं, तर नाना ओट्यावरून माझ्याकडे असे पाहत होते की मी पावशेर साखर घेऊन परत आलो.

उद्या इस्पितळात दाखल व्हायचं, आणि आदल्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी पालिकेची गाडी येऊन उभी राहिली. पांढऱ्या पोशाखातली तीन माणसं उतरली. हिंमतभाऊंनी कळवलं होतं. कोरोनाचा संशय, घरातून बाहेर पडत नाही, छातीचा त्रास. नानांना ते विलगीकरण केंद्रात नेणार होते. तिथं किती दिवस ठेवतील याचा भरवसा नव्हता, आणि उद्याची तारीख गेली म्हणजे गेली.

सगळी गल्ली ओट्यांवर, खिडक्यांत, गच्च्यांवर होती. पांढऱ्या पोशाखातल्या एका बाईनं लांबून विचारलं, "काका, शुं तकलीफ छे?"

नानी पुढे झाली. "छातीनं शे," ती तिच्या त्या आवाजात म्हणाली.

"चालो, गाडीमां बेसो."

संध्या घरातून इस्पितळाचे कागद आणायला धावली. मी ओट्यावरच उभा होतो. नाना उठले. लुंगी सारखी केली. शर्टाची बटणं काढली, एकेक करून, घाई न करता, आणि शर्ट उतरवून नानीच्या हातात दिला. डाव्या बाजूला ते स्तनाग्र आत खेचलेलं, भोवती कातडी आवळलेली, लाल. कुणीतरी बाई "व माय" म्हणाली.

"दखा!" नाना म्हणाले. "माले कोरोना नही. माले कॅन्सर शे. छातीना. बाईसले व्हस तो. सकाय मनं ऑपरेशन शे. आते कोनले काय इचारनं शे ते इचारा!"

मग नळापाशी उभा असलेला एक तरणा पोरगा फस्सकन हसला.

नाना त्याच्याकडे वळले. मला वाटलं आता हाणतात. "हास, भाऊ, हास," ते म्हणाले. "पन घर जाईसन आपली छातीवर हात फिरायी दख."

पालिकेच्या बाईनं संध्याच्या हातातले कागद लांबूनच वाचले, नानांचा ताप पाहिला, बोटाला यंत्र लावलं. सगळं ठीक होतं. तिनं हात जोडले आणि ती गाडीकडे गेली. हिंमतभाऊ आपल्या चपलांकडे बघत होते.

त्या दुपारी गल्लीतले सगळे पुरुष फार लवकर घरात गेले. मी आरशासमोर उभा राहून दोन्ही हातांनी छाती चाचपत असताना संध्या आत आली. "सापडली का कुठे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, छाती सापडत नाही, गाठ कुठून सापडणार? आम्ही दोघं हसलो, आणि मग एकदम थांबलो.

ऑपरेशनच्या दिवशी नानी, संध्या आणि मी फाटकाबाहेर फुटपाथवर बसलो होतो. आत कुणालाच सोडत नव्हते. सकाळी नाना पिशवी घेऊन एकटे आत गेले होते. मोठं ऑपरेशन, काखेतल्या गाठीही काढायच्या, आणि आपलं म्हणायला शेजारी कुणी नाही. नानी बोटांनी पदराचा काठ चोळत बसली होती. उन्हं कलती झाल्यावर माझा फोन वाजला.

"ऑपरेशन सारुं थई गयुं," पलीकडून एक आवाज म्हणाला. "भीखनबेन एकदम सारा छे."

मी ते नानीला जसंच्या तसं सांगितलं. ती आधी रडली. मग 'बेन' डोक्यात शिरल्यावर तोंडात पदर कोंबून हसायला लागली, आणि मग पुन्हा रडली.

वॉर्डातून नाना व्हिडिओ कॉल करायचे. त्यांना बायकांच्याच वॉर्डात कोपऱ्यात पडद्याआड ठेवलं होतं, पण त्या आवाजाला पडदा काय करणार? "आठे बठ्ठ्या बायाच शेतस!" ते नानीला ओरडून सांगायचे, आणि मागून हसण्याचा आवाज यायचा. ज्या बायकांनी पदर ओढून घेतले होते त्याच आता पडद्याआडून त्यांना सूचना देत होत्या. रक्त-पाणी झिरपून जमायची जी बाटली नळीनं अंगाला लावलेली असते, ती कशी धरायची, कुशीवर कसं वळायचं, हात कधी उचलायचा. जखम दुखते का असं मी विचारलं, तर म्हणाले, "सर, डॉक्टर कोन, वॉर्डबॉय कोन, काही समजे नही, बठ्ठा पांढरा. पन ह्या बायासले समदं मालूम शे."

ते घरी आले तेव्हा ती बाटली एका पिशवीत घालून गळ्यात अडकवली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कशी शिवायची ते सांगितलं होतं आणि नानीनं साडीच्या तुकड्याची, जरीकाठाची शिवून पाठवली होती. नाना ती मिरवत ओट्यावर बसले. मग व्यायाम. भिंतीशी उभं राहून बोटं मुंगीसारखी वर वर चालवत न्यायची, म्हणजे हात आखडत नाही. रोज सकाळी नाना भिंतीवर बोटं चालवायचे, कण्हायचे, शिव्या द्यायचे, आणि पोरं शेजारी उभी राहून आपली बोटं चालवायची. छातीवर एका बाजूला आडवा, जाड व्रण. शर्ट पुन्हा दोरीवर गेला होता.

एके दिवशी हिंमतभाऊंची सून रेखा वाटी परत करायच्या निमित्तानं नानांच्या ओट्यावर आली. घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची ती, मान वर करून बोलल्याचं कधी आठवत नाही. नानी घरात नव्हती. ती जायला वळली, थांबली, आणि नानांना म्हणाली, "नाना, माले बी लागस एक. कव्हाची शे."

समोरच्या ओट्यावर मी पेपर धरून बसलो होतो. पेपर तसाच धरून ठेवला.

"कोठे?" नानांनी विचारलं, त्यांच्या परीनं हळू. चार घरांत ऐकू गेलं. रेखाची सासू दारात आली, मागे हिंमतभाऊ.

"नाना, हळू बोला हो," हिंमतभाऊ म्हणाले. "लोकं ऐकतात."

"हळू बोलता येत नही माले. सकाय मी इले लई जास."

"या कोरोनात कुठे..."

"हिंमत, मी दिवाईपासून चूप बसनू," नाना म्हणाले. "चूप बसीसन काय व्हयनं ते दखाडू का पुन्हा?"

हिंमतभाऊंनी नको नको म्हणून हात हलवला.

पुढे नाना तिला रिक्षातून घेऊन गेले. संध्याही दोनदा गेली बरोबर; तोवर तपासणीला सोबतच्या माणसांना आत सोडायला लागले होते. ती सांगते, नाना आता कूलरपाशी उभे राहत नसत. सरळ बायकांच्या बाकावर जाऊन बसत, आणि एखादी आत जायला कचरली की म्हणत, "जाय माय, दखाडी टाक. मी दखाडं, मरी गयू का?" वॉचमन त्यांना 'भीखनबेन' म्हणून हाक मारायचा आणि नाना 'ओ' द्यायचे. रेखाची गाठ वाईटच निघाली, पण लहान होती. तिचंही ऑपरेशन झालं. गणपतीत ती ओट्यावर नानांच्या शेजारी भिंतीवर बोटं चालवताना दिसायची. दोघांची शर्यत लागायची. नाना हरायचे आणि भिंत वाकडी आहे म्हणायचे.

नानांना रोज एक गोळी होती, तीही बायकांचीच. तपासण्या चांगल्या येत होत्या. खातं सुरू झालं होतं, शेठनं हलक्या कामावर परत बोलावलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली.

आमच्या गल्लीत काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायची गरज नाही. नानांना ताप आला. तिसऱ्या दिवशी दम लागायला लागला. कितीतरी फोन केल्यावर ॲम्ब्युलन्स आली. नानांनी स्ट्रेचर नको म्हटलं. चालत गेले, मध्ये आमच्या ओट्याला टेकून एकदा थांबले, पुन्हा चालले. आत चढून बसले. पांढऱ्या पोशाखातला माणूस मागचं दार लावायला लागला, तर ते लागेना. त्यानं दोनदा आदळलं, तिसऱ्यांदा आदळलं. नानांनी आतून हात वर करून त्याला थांबवलं. त्यांना बोलायला श्वास नव्हता. ते वाकले, खिटी बोटानं चाचपली, थोडी वर उचलली, आणि दार आपल्याकडे ओढलं. खट्‌कन लागलं.

ते दार नानांनीच लावलं. त्यानंतर आम्ही त्यांना पाहिलं नाही.

आठवडाही लोटला नाही. एका सकाळी फोन आला. नानीला तोंडही पाहायला मिळालं नाही, सगळं परस्पर झालं. मी दिवसचे दिवस त्याच एका जागी अडकून पडलो होतो. हा माणूस भर गल्लीत शर्ट काढून उभा राहिला, ऑपरेशन झालं, व्रण भरला, आणि मग हे? मी संध्याला पुन्हा पुन्हा तेच विचारायचो, जणू ती उत्तर लपवून ठेवून बसली होती. हिंमतभाऊंनी दुकान बंद ठेवलं. रेखा सकाळी त्या भिंतीपाशी यायची, हात वर न उचलता थोडी उभी राहायची, आणि परत जायची.

गाड्या सुरळीत झाल्यावर नानी दोंडाईच्याला लेकीकडे जायला निघाली. तिला आम्ही उधना स्टेशनवर सोडलं. खिडकीतून तिनं संध्याच्या गालावरून हात फिरवला, काहीतरी म्हणाली. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. संध्यानं मान हलवली.

परत येताना मी स्कूटर चालवत होतो, संध्या मागे. पूल चढत होतो तेव्हा ती म्हणाली, "सोमवारी रजा घ्या."

"का? कोण येतंय?"

"मला दाखवायला जायचंय."

"दाढ पुन्हा दुखतेय?" मी विचारलं.

"दाढ नाही. नाना रेखाला घेऊन गेले होते तिथे."

स्कूटर वाकडी गेली. मागच्या रिक्षावाल्यानं अस्सल सुरती शिवी हासडली आणि पुढे निघून गेला. मी कठड्याशी गाडी थांबवली. स्टँड लावायचं विसरलो, गाडी तशीच दोन्ही पायांत धरून मागे वळलो. संध्या शांत बसली होती, पर्स मांडीवर.

"मागच्या आठवड्यात लागली हाताला," ती म्हणाली. "लहान आहे. असे बघू नका."

"अगं, पण... मला आधी का नाही सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, गाडी सुरू करा म्हणून करते तसा.

"नाना असते तर त्यांनाच आधी सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता तुम्हीच आहात."